योगशिक्षकाचा व्यवसाय : आत्मविश्वासाची वाट आणि पोटाचा प्रश्न

यवतमाळ : जून महिना उजाडला की योगशिक्षकांना एकाएकी मागणी येते. शाळा, महाविद्यालये, बँका, शासकीय कार्यालये अशी सर्वत्र २१ जूनच्या कार्यक्रमाची तयारी सुरू होते. सतरंज्या अंथरल्या जातात, ध्वनिक्षेपक लागतो, मान्यवरांच्या उपस्थितीत सामूहिक आसने होतात. दुसऱ्या दिवशी सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि शिक्षक पुन्हा आपल्या दहा-पंधरा साधकांच्या वर्गाकडे वळतो. उरलेल्या ३६४ दिवसांत त्याचे काय होते, या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय योगदिनाचा ठराव संमत केला आणि २०१५ पासून हा दिवस जगभर साजरा होऊ लागला. तेव्हापासून योग हा साधनेबरोबरच उपजीविकेचाही विषय झाला. अभ्यासक्रम वाढले, प्रमाणपत्रे वाढली, जाहिरातीही वाढल्या. यवतमाळसारख्या, शेतीवर अवलंबून असलेल्या आणि उद्योगांची वानवा असलेल्या जिल्ह्यातील अनेक पदवीधर तरुण-तरुणींना हे क्षेत्र आपलेसे वाटणे स्वाभाविक आहे. भांडवल थोडे, घराजवळ राहून करता येण्याजोगे काम, समाजात मान आणि स्वतःचे आरोग्यही सुधारण्याची शक्यता, असा हा चौपदरी लाभ दिसतो. तो खरा आहे काय, आणि तो पदरात पाडून घ्यावयाचा तर काय करावे लागते, याचा हा धांडोळा.

दुबळ्या मुलाचा आत्मविश्वास

योगाने आत्मविश्वास मिळतो, हे वाक्य आता इतके घासले गेले आहे की त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. तो समजून घेण्यासाठी पुण्यातील एक उदाहरण उपयोगी पडेल. बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १४ डिसेंबर १९१८ रोजी कर्नाटकातील बेल्लूर येथे झाला. हिवताप, विषमज्वर, क्षय अशा आजारांनी त्यांचे बालपण पोखरले होते. मॅट्रिकच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. मेहुणे आणि गुरू टी. कृष्णमाचार्य यांनी १९३७ मध्ये त्यांना पुण्याला धाडले, तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते. डेक्कन जिमखान्यावर सहा महिने योग शिकवावयाचा, एवढेच काम ठरले होते. मराठी येत नव्हते, शरीर अजून दुबळेच होते आणि समोर बसणारे विद्यार्थी त्यांच्याहून धट्टेकट्टे होते.

पुढील काही वर्षे त्यांनी अत्यंत हलाखीत काढली. या काळात ते स्वतःच्या शरीरावर रोज कित्येक तास प्रयोग करीत राहिले. कोणत्या आसनात कोणता स्नायू ताणला जातो, कोठे दुखते, कशाने आधार मिळतो, याचा त्यांनी बारकाईने शोध घेतला. पुढे पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्ची, दोर यांच्या साहाय्याने वृद्ध आणि आजारी माणसांनाही आसने करता यावीत, अशी पद्धती त्यांच्या हातून घडली. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन यांच्याशी परिचय झाल्यावर पाश्चात्त्य जगाची दारे उघडली. १९६६ मध्ये त्यांचा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि १९७५ मध्ये पुण्यात रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली. २०१४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांची कहाणीही अशीच बोलकी आहे. बालपणी मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रासलेली ही मुलगी वडिलांच्या देखरेखीखाली योगाकडे वळली आणि पुढे स्त्रियांच्या योगाभ्यासातील अधिकारी शिक्षिका म्हणून जगभर ओळखली गेली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

या दोन्ही आयुष्यांत आत्मविश्वास आधी आला आणि काम नंतर, असे दिसत नाही. रोजच्या अभ्यासातून कसब आले, कसबामुळे दुसऱ्याला बरे वाटू लागले आणि त्या अनुभवातून आत्मविश्वास आला. हा क्रम दीर्घ आहे. जाहिरातींमधून मात्र तो उलटा सांगितला जातो : आधी प्रमाणपत्र, मग आत्मविश्वास, मग उत्पन्न.

हाताशी असलेला वारसा

यवतमाळच्या विद्यार्थ्याला यासाठी ऋषिकेश गाठण्याची आवश्यकता नाही. शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ शतकाहून अधिक काळ शारीरिक शिक्षणाचे केंद्र राहिले आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली होती. नागपूरच्या रामनगरातील जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने योगाचे विनामूल्य शिक्षण देण्याची परंपरा विदर्भात रुजवली. रामटेकचे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ १९९७ मध्ये स्थापन झाले, तेथे योगशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्यांना सोयीची आहे.

शास्त्रीय शिस्तीचा आग्रह धरणाऱ्यांसाठी लोणावळ्याच्या कैवल्यधामचा इतिहास मार्गदर्शक ठरावा. स्वामी कुवलयानंद यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. खानदेशात अमळनेरला अध्यापन केलेल्या या गृहस्थांनी नौली, उड्डियान यांसारख्या क्रियांच्या वेळी शरीरात नेमके काय घडते, हे क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनविषयक नियतकालिक सुरू केले. ‘मला अनुभव आला’ एवढ्यावर न थांबता ‘तो मोजता येतो काय’ असे विचारण्याची ही सवय प्रत्येक योगशिक्षकाने अंगी बाणवावी अशीच आहे.

प्रमाणपत्रांची उतरंड

आज बाजारात अनेक प्रकारची प्रमाणपत्रे मिळतात आणि नवख्याचा गोंधळ येथेच उडतो. वकिलीला किंवा वैद्यकीला जशी सनद लागते, तशी योग शिकविण्यासाठी देशात सक्तीची सनद नाही. २०२० च्या भारतीय चिकित्सा पद्धती आयोग कायद्यातही योग आणि निसर्गोपचार यांचा समावेश झालेला नाही. परिणामी कोणीही वर्ग सुरू करू शकतो आणि कोणीही प्रमाणपत्र देऊ शकतो.

यात काही शिस्त यावी म्हणून केंद्रीय आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत योग सर्टिफिकेशन बोर्ड काम करते. या मंडळाच्या लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा असून शिक्षकांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. सामूहिक योगाभ्यास घेण्यापुरती पात्रता देणारी ‘योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर’ ही प्रारंभीची पायरी सुमारे २०० तासांच्या अभ्यासाची आहे. त्यावरील ‘योग वेलनेस इन्स्ट्रक्टर’साठी सुमारे ४०० तास, तर ‘योग टीचर अँड इव्हॅल्युएटर’साठी सुमारे ८०० तासांचा अभ्यास अपेक्षित आहे. त्यापुढे ‘योग मास्टर’ ही पायरी असून रुग्णांसाठी काम करणाऱ्या योगोपचारकांची श्रेणी निराळी आहे.

परदेशी पर्यटकांना शिकविणाऱ्या संस्था ‘योगा अलायन्स’च्या २०० तासांच्या प्रमाणपत्राचा उल्लेख आवर्जून करतात. ही अमेरिकेतील खासगी नोंदणी संस्था आहे, शासकीय मान्यता नव्हे. परदेशात काम करावयाचे असल्यास त्या नोंदणीचा उपयोग होतो; पुसद किंवा वणी येथे वर्ग चालवावयाचा असल्यास तिच्यासाठी मोठी रक्कम मोजण्याचे कारण नाही.

ज्यांना अध्यापनाच्या नोकरीत रस आहे, त्यांनी आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. महाविद्यालयीन अध्यापनासाठी योग विषयातील पदव्युत्तर पदवी आणि राष्ट्रीय पात्रता परीक्षा हा मार्ग आहे; ‘नेट’ परीक्षेत योग हा विषय २०१७ पासून समाविष्ट आहे. केंद्रीय विद्यालयांत योगशिक्षक बहुधा वर्षापुरते कंत्राटी पद्धतीने नेमले जातात. शाळेतील शारीरिक शिक्षण शिक्षकाच्या पदासाठी मात्र शारीरिक शिक्षणाची पदवी किंवा पदविका लागते, केवळ योगाचे प्रमाणपत्र चालत नाही. निसर्गोपचार व योगाची बी.एन.वाय.एस. ही साडेपाच वर्षांची पदवी तर सर्वस्वी वेगळी बाब आहे. चार आठवड्यांचे निवासी शिबिर पूर्ण करणारा आणि ही पदवी घेणारा या दोघांना एकाच तागडीत तोलता येणार नाही.

मिळकतीचे गणित

आयुष विभागाच्या आरोग्य व निरामयता केंद्रांमध्ये, ज्यांना २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव मिळाले, दोन अर्धवेळ योगशिक्षकांची तरतूद करण्यात आली. योजनेच्या आखणीत सत्रामागे २५० रुपये मानधन धरले होते. पुरुष शिक्षकाला महिन्याला ३२ सत्रे, तर महिला शिक्षिकेला २० सत्रे, असा हिशेब होता. म्हणजे सर्व सत्रे पार पडल्यास पुरुषाला ८ हजार आणि स्त्रीला ५ हजार रुपये. दर समान असला तरी सत्रांच्या संख्येमुळे स्त्रीच्या हाती कमी रक्कम पडते, हे अर्ज करणाऱ्या मुलींनी आधीच जाणून घ्यावे. चालू दर आणि मानधन मिळण्यास लागणारा वेळ यांची चौकशी नेमणुकीपूर्वी करावी.

खासगी वर्गाचा हिशेब समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या शिक्षिकेने सकाळी दोन वर्ग चालविले, प्रत्येकी १५ साधक आणि महिना ५०० रुपये शुल्क ठेवले, तर जमा १५ हजार रुपये होते. सभागृहाचे भाडे ४ हजार गेले, तर उरतात ११ हजार. पण सणवार, लग्नसराई, परीक्षा, पावसाळा आणि उन्हाळ्याची काहिली यांमुळे एक-तृतीयांश साधक गळाले, तर जमा १० हजारांवर येते. भाडे मात्र तेवढेच राहते आणि हाती ६ हजार उरतात. त्यामुळे वर्गाची व्यवहार्यता पहिल्या महिन्याच्या गर्दीवरून न जोखता सर्वांत ओस पडलेल्या महिन्यावरून जोखावी. अनेक अनुभवी शिक्षक सुरुवातीची दोन-तीन वर्षे शिकवणी, दुकान, शेती किंवा अन्य नोकरी सोडत नाहीत, त्याचे कारण हेच.

मातीतली गरज

शहरातील योगवर्गाचा अभ्यासक्रम बैठ्या माणसासाठी बेतलेला असतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला पुढे वाकण्याची, मांड्या ताणण्याची गरज असते. यवतमाळ जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांत पसरलेल्या कापूस-सोयाबीनच्या शेतांतील माणसाचे दुखणे निराळे आहे. निंदण आणि कापूसवेचणी करणारी बाई दिवसभर कमरेत वाकलेलीच असते. फवारणी करणारा मजूर भरलेला पंप पाठीवर वाहतो. त्यांना संध्याकाळी पुन्हा पश्चिमोत्तानासन करावयास सांगणे म्हणजे दुखण्यावर दुखणे देणे होय. त्यांना हवी असते पाठीला विसावा देणारी स्थिती : मकरासन, शवासन, बेताचे भुजंगासन, खांद्यांच्या सावकाश हालचाली आणि श्वासाकडे लक्ष.

अशा माणसांपर्यंत जाण्याची वाटही गावात आयती आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने विदर्भातील असंख्य गावांत सामुदायिक ध्यान आणि प्रार्थनेची परिपाठी रुजली आहे. पाठ ताठ ठेवून शांत बसणे तेथे कोणाला परके नाही. त्या जागी दहा मिनिटांचे शरीरसंचालन जोडणाऱ्या शिक्षकाला भाडे द्यावे लागत नाही की जाहिरात करावी लागत नाही. मानधन तेथून कदाचित मिळणार नाही; मात्र गावाचा विश्वास मिळतो, आणि तालुक्याच्या ठिकाणी वर्ग चालविताना हा विश्वासच उपयोगी पडतो.

मर्यादेची जाणीव

यवतमाळचे नाव देशभर घेतले जाते ते दुर्दैवाने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी. कर्ज, नापिकी, भाव आणि व्यसन यांच्या विळख्यात सापडलेल्या माणसाला ‘प्राणायाम करा, सर्व ठीक होईल’ असे सांगणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय ते घातकही ठरू शकते. नियमित योगाभ्यासाने ताण हलका होण्यास, झोप सुधारण्यास हातभार लागू शकतो. तीव्र नैराश्यावर मात्र मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार लागतात. राज्य शासनाने २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, तो समुपदेशन व उपचार सरकारी रुग्णालयांतून मिळावेत यासाठीच. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही केंद्र शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. आपल्या वर्गातील एखादा साधक अबोल झाला, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर त्याच्याशी मोकळेपणाने बोलणे, त्याला एकटे न सोडणे आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. हा क्रमांक प्रत्येक योगवर्गाच्या भिंतीवर असावा.

शारीरिक व्याधींच्या बाबतीतही हेच तारतम्य लागू पडते. जुनाट कंबरदुखीत योगाचा उपयोग होतो, याला आता पुरेसा शास्त्रीय आधार आहे; अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये औषधांच्या आधी करून पाहावयाच्या उपायांत योगाचा समावेश केला. पण काचबिंदू असलेल्यास शीर्षासन देऊ नये, कारण त्याने डोळ्यांतील दाब वाढतो. अनियंत्रित रक्तदाब, हर्निया, नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असताना कपालभाती टाळावी. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करण्याचा सल्ला योगशिक्षकाने कधीही देऊ नये. पहिल्याच दिवशी प्रत्येक साधकाकडून आजार, औषधे आणि शस्त्रक्रिया यांची लेखी माहिती घेणे ही साधी शिस्त पाळली, तरी पुष्कळ अपाय टळतात.

‘हे माझ्या आवाक्यातले नाही, डॉक्टरांना दाखवा’ असे सांगताना नवख्या शिक्षकाला आपली पत घसरेल अशी भीती वाटते. प्रत्यक्षात साधकाचा आणि गावातील डॉक्टरांचा विश्वास अशाच शिक्षकावर बसतो, आणि पुढे डॉक्टरच त्याच्याकडे माणसे पाठवू लागतात.

प्रवेशापूर्वी हे विचारा

शुल्क भरण्यापूर्वी काही प्रश्न संस्थेला स्पष्टपणे विचारावेत. प्रमाणपत्र कोण देणार : विद्यापीठ, शासकीय मंडळ की केवळ संस्था? प्रत्यक्ष सरावाचे तास किती आणि ध्वनिचित्रफितींचे किती? देखरेखीखाली स्वतः वर्ग घेण्याची संधी मिळते काय? शरीररचनाशास्त्र कोण शिकवते आणि त्यांची पात्रता काय? अभ्यासक्रम अर्धवट सोडावा लागल्यास शुल्क परत मिळते काय? आधीच्या तुकडीतील विद्यार्थी आज काय करतात, आणि त्यांच्यापैकी दोघांशी बोलता येईल काय? ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ देणाऱ्या संस्थेने या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टाळले, तर तेच पुरेसे उत्तर समजावे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न स्वतःला विचारावयाचा आहे. कर्ज काढून महागडे शिबिर गाठण्याआधी वर्षभर रोज पहाटे स्वतःचा अभ्यास नियमाने झाला काय? घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीला, शेजारच्या एका आजींना सहा महिने धीराने शिकविता आले काय? या दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर अभ्यासक्रमाचे पैसे सत्कारणी लागण्याची शक्यता बरीच आहे. नसेल, तर आणखी एक वर्ष थांबण्यात काही बिघडत नाही. तोवर गावातील प्रार्थनेच्या ओसरीवर किंवा जवळच्या आरोग्य केंद्रातील सत्रांत रोज हजर राहून शिकता येते, आणि त्याला शुल्क पडत नाही.